बांगड्यांचं झुंबर

आरती,

तुझ्या रुखवतातलं बांगड्यांचं झुंबर मी फोडलंय. काचा झाडल्यात, तरी ओसरीवर अनवाणी जाऊ नकोस.

मेणबत्तीवर तुकडे वाकवताना तू हसत म्हणालीस, "ताई, एवढ्या फुटक्या बांगड्या आणल्यास तरी कुठून? लई हावरी आहेस!" त्या माझ्याच हातात फुटल्यात. तुझे दाजी, बाळासाहेब, माझं मनगट धरून उंबऱ्यावर आपटतात. रक्त पुसून मी तुकडे डब्यात टाकायचे. कुणी विचारलं तर आरतीच्या रुखवताला, असं सांगता यायचं.

दिवाळीत त्यांनी मुसळानं माझी बरगडी मोडली. तेव्हा बाहेरून कडी लावून उभा होता तो त्यांचा धाकटा भाऊ अमृत, तुझा होणारा नवरा. दाराआडून म्हणत होता, "वैनी, वरडू नका, शेजारी ऐकत्यात."

नानांना काल सगळं सांगितलं. म्हणाले, "पोरी, पत्रिका वाटून झाल्यात. आता नाय म्हणता यायचं."

मी ओतूरला पोलिसांत तक्रार द्यायला चाललेय. दुपारी ती माणसं तुझा शालू घेऊन येतील. सगळ्यांसमोर तू स्वतः नाही म्हण. नाना कदाचित हात उचलतील. ते एकदाच मारतील.

ताई