दुकानातला कॉड

यास्तार्निया, फेब्रुवारी

प्रिय गेरार्ड,

तुझी पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसलं की शिव्याच सुचायच्या. तिकडे नॉर्वेत हाताएवढा लांब कॉड मासा लागतो, जाळं ओढून खांदे भरून येतात, 'तूही ये, कप्तानाशी बोलून ठेवलंय', असं लिहितोस. बरं चाललंय तुझं.

आपल्या समुद्रातला कॉड कसा झाला होता, ते तुला सांगायला नको. डोकं तेवढं मोठं, अंग झाडूच्या दांड्यासारखं. बोर्नहोल्म बेटावरचे डॅनिश कोळी काय, जर्मन काय, सगळ्यांच्याच जाळ्यात तसला. ब्रुसेल्सनं त्याची मासेमारी बंद केली, बोट भंगारात काढणाऱ्याला भरपाई जाहीर झाली, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात बसून तू म्हणालास, "ऑगुस्टिन, आधी मी मोडेन, मग आपली बोट, रोझालिया. हेरिंग मासळीवर काढू दिवस." त्यावर माझ्या बायकोनं तुझा पेला पुन्हा भरला होता.

मग मी डोळ्याच्या ऑपरेशनला ग्दान्स्कला गेलो. परत आलो तर धक्क्यावर आपली जागा रिकामी. वाटलं, तू समुद्रावर असशील. वाट बघत उभा राहिलो, मूर्खासारखा. शेवटी बर्फवाला मिखाऊ म्हणाला, "अरे, बोट तर भंगारात कापली. तुला ठाऊक नाही?" कागदावर बोट तुझी होती, मान्य. पण माझंही अर्धं आयुष्य तिच्यावर गेलं. कापायची तर मला सांगून कापायचीस, माझा डोळा बांधलेला असताना नव्हे.

आणि लेऑनकाकांनाही न सांगता गेलास. अंथरुणाला खिळलेल्या बापाला, त्याच्या बायकोच्या नावाची बोट कापली, हे कोण सांगणार? मी खोटं बोललो. सांगितलं, बंदी उठलीय, गेरार्ड बोर्नहोल्मकडे मासा उतरवतो, घरच्यासाठी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो. दर शुक्रवारी दुकानातून कॉड आणायचा, नॉर्वेचाच, दुसरा मिळतोय कुठे, आणि तुझा म्हणून त्यांना खाऊ घालायचा. "बघ, माशानं पुन्हा अंग धरलं," म्हणायचे.

गेल्या शुक्रवारी दोन घास खाऊन त्यांनी ताटली सरकवली. म्हणाले, "हा आपल्या समुद्रातला नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू मनापासून आणायचास, म्हणून खात होतो. आता पुरे. गेरार्डला बोलाव." तेव्हापासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, फार तर आठवडा. बोटीचं त्यांनी मला विचारलं नाही. ते तुझ्या तोंडून ऐकायचंय त्यांना. ये. गाडी कळव, न्यायला येईन. तुझ्याशी बोलेन, असं मात्र समजू नकोस.

'तुझाच' लिहायला हात रेटत नाही.

ऑगुस्टिन