तळ्यापलीकडची शिट्टी

१९ डिसेंबर, गुरुवार, पहाट

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील. इकडे मी ठीक आहे, हे सवयीने लिहिलं. ठीक नाही.

माझा फोन तू उचलायचा नाहीस, म्हणून दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. तुझ्या वेधशाळेच्या फाटकावरूनच तो जातो. वाचून होईपर्यंत त्याला थांबवून ठेव आणि त्याच गाडीत बसून ये.

आप्पा घरातून निघून गेलेत. सोमवारी संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तेवढ्यात त्यांनी जोडे चढवले आणि गेले. खाण कधीच बंद झाली, हे हल्ली त्यांना आठवत नाही. सुरुंगाची वेळ झाली की येरझाऱ्या घालतात. गळ्यात ती शिट्टी असतेच.

त्याच रात्री शिट्टी ऐकू आली. तीनदा, लांब, सुरुंग पेटवण्याआधी वाजवायचे तशी. इतकी जवळ की परसातच उभे आहेत म्हणावं. शोधायला आलेली सगळी खाणीतली जुनी माणसं. शिट्टी ऐकताच सवयीने मागे सरली, एक जण तर कानावर हात ठेवून खाली बसला. मला हसू आलं रे, अशा वेळी. मग त्यांनी परसामागची झुडपं, विहीर, खाण, सगळं पिंजून काढलं. दिवसभर चिडीचूप. मंगळवारी रात्री पुन्हा शिट्टी, तितकीच जवळ. पुन्हा तीच झुडपं.

तेव्हा मला तुझं व्याख्यान आठवलं. नवीन नोकरी लागली तेव्हा मी भांडी घासत असताना तू डोकं खायचास. रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार होते, वरची मात्र ऊबदार राहते. मग वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबचं जवळ वाटतं. दिवसा उलटं, आवाज वरच निघून जातो. आप्पा म्हणायचे, "फुगे उडवायचा पगार घेतो आणि आम्हाला अक्कल शिकवतो!" त्या बोलण्यावरून तू उठून गेलास. मी त्यांची बाजू घेतली म्हणून माझ्याशीही अबोला.

म्हणजे आप्पा परसात नाहीतच. परसाच्याच दिशेला, पण लांब तळ्यापलीकडे असतील, त्या उंच गवतात. शोधणाऱ्यांच्या पुढे असलेल्या खाणीतल्या मुकादमांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, शिट्टी इथे वाजतेय आणि माणसं तिकडे कशी पाठवू? तुम्ही जरा पडा." मग एकटीच गेले. हाका मारून घसा बसला. गवत संपतच नाही. वारा कुठून होता, आवाज कुठून वाकला, ते तुझ्या फुग्यांना ठाऊक. तू नोंदींचा कागद दाखवलास तर मुकादम ऐकतील. माझं ऐकून त्यांचे कान किटलेत.

इतकं सगळं लिहिलं, आणि एक लिहायचं टाळते आहे. काल रात्री शिट्टी वाजली नाही.

मी दिवा मालवून मागच्या दारात उभी होते, श्वासाचाही आवाज नको म्हणून तोंडावर हात धरून. तळ्यापलीकडचं कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. त्याच्याही पलीकडे रस्त्यावर एका ट्रकने गिअर बदलला, तो ऐकू आला. आभाळ स्वच्छ होतं, पान हलत नव्हतं. तुझ्या हिशेबाने अशाच रात्री सगळं ऐकू यायला हवं. येतही होतं. आप्पाच तेवढे ऐकू आले नाहीत.

गारठा किती आहे ते तुला सांगायला नको, तू रोज मोजतोस.

हवेत आणखी काही असतं का रे, ज्याने एखादाच आवाज अडतो? असेल तर सांग. नसेल, तरी आहे म्हणून सांग. मला काय कळतंय, मी खरं मानीन. पण इथे येऊन सांग, आणि त्या माणसांना तळ्यापलीकडे ने. राग माझ्यावर असेल तर नंतर काढ, हवा तेवढा काढ. पण आप्पांवर रागवायचं तर आप्पा असायला हवेत.

अजून कान लावून बसलेली,
तुझी ताई