मेढीचं दावं

आये, तुझं ते म्हणणं मला अजून पटलेलं न्हाई. "बांधला म्हणून जगलास," असं तू कापूरहोळच्या गॅरेजवर, भर दुपारी, ग्रीसनं बरबटलेल्या चार पोरांसमोर मला म्हणालीस. भाकरीचं फडकं बाकड्यावर ठेवलंस आणि परतीच्या एसटीत जाऊन बसलीस. उत्तर द्यायला सवड दिली न्हाईस. पुढं तीन महिन्यांत कावीळ झाली आणि गेलीस. त्याला बारा वर्सं झाली. उत्तर माझ्याकडं तसंच पडून हाय, म्हणून आज लिहितोय. सातवीतनं शाळा सोडलेल्याचं अक्षर हाय, तुला तसंबी वाचता येत नव्हतं, तेव्हा दोघांचं भागतंय.

तर ऐक. कुत्रं बांधत्यात, रेडकू बांधत्यात. पोर बांधत न्हाईत.

भातलावणीचे दिवस. मी चार-पाच वर्सांचा. दादा, माझा बाप, म्हशी घेऊन वर पठारावर, अक्का शाळेत, घरात दुसरं माणूस न्हाई. परड्याखालनं ओढा नुसता खळाळतोय. तू गोठ्यातल्या मधल्या मेढीच्या खांबाला रेडकाचं दावं अडकवतेस आणि दुसरं टोक माझ्या पायात. पुढ्यात नाचणीची भाकर, तांब्याभर पाणी. शेजारच्या मेढीला रेडकू. "बघ, सोबत हाय तुला," म्हणतेस आणि इरलं डोक्यावर घेऊन निघून जातेस. मी रडतो, मग रेडकू वरडतं, मग आमी दोघं गप बसतो. एकदा मी दातानं गाठ सोडवली आणि बांधाबांधानं थेट खाचरावर आलो. चिखलात वाकलेल्या बाया ताठ झाल्या. त्यातली एक म्हणाली, "अगं बया, वासरू सुटलं की गं तुझं! मुसकीबी घालाय पायजे व्हती त्याला." सगळ्या हसल्या. तू न्हाई हसलीस. चिखलाच्या हातानं अशी एक ठेवून दिलीस की गालावर पाची बोटं मातीची उठली. "वड्याला पाणी किती हाय बघितलंस का रं, मुडद्या?" मला दंडाला धरून परत नेलंस. दुसऱ्या दिवशी गाठ मेढीच्या पलीकडं होती, जिथं तोंड पोचत न्हाई.

पानशेतच्या त्या बंगल्यावर तू भांडी घासायला जायचीस तेव्हा एकदा मी बरोबर होतो. पुण्याच्या मॅडम पोरामागं वाटी-चमचा घेऊन अंगणभर पळत होत्या आणि ते पोर थुंकत होतं. घरी येताना तू म्हणालीस, "त्यांची पोरं चमच्यानं मोठी हुत्यात, आमची दाव्यानं." मी तेव्हा हसलो होतो. मोठा झाल्यावर हसू आलं न्हाई. मला एका जागी बसवत न्हाई, आये. गॅरेज सोडलं, पोकलेन शिकलो, आठ वर्सांत पाच राज्यांतले डोंगर फोडले. कुणी विचारलं, एका जागी का टिकत न्हाईस, की मी ही दाव्याची गोष्ट सांगायचो. ऐकणारा चुकचुकायचा, मला बरं वाटायचं.

आता जिथं हाय ते मेघालय. रस्त्याचं काम. आणि व्हय, मी घरजावई झालोय. तू म्हणायचीस, घरजावई म्हंजी दाराचं कुत्रं, भाकर मिळती पण मान न्हाई. बस आता बडबडत. हितं नवराच बायकोच्या घरी जातो. घर सगळ्यांत धाकट्या लेकीचं, आणि माझी बायको धाकटी. मला दीड वर्साची पोरगी हाय. तिला कूळ लागलं तिच्या आईचं, माझं न्हाई. अक्का फोनवर म्हणाली, "आरं, मग त्या पोरीत आपलं काय उरलं?" मी म्हणालो, "नाक."

हितं पोर जमिनीवर दिसत न्हाई. पाठीवर असतं. फडक्यानं आवळून बांधलेलं, गाल आईच्या मानेला टेकलेला. माझी बायको आणि तिची आई चौकात भाताचं दुकान चालवत्यात. पोरगी पाठीवर घेऊनच बायको भात वाढती, पैसे घेती. तिच्या पाठीला कळ लागली की पोरगी सासूच्या पाठीवर, सासू दमली की मावशीच्या, मावशी न्हाई तर मावशीच्या नऊ वर्सांच्या लेकीच्या. मीबी घेतो. पहिल्यांदा पाठीवर घेऊन साइटवर गेलो तर बिहारचा हेल्पर म्हणाला, "उस्ताद, बच्चा हुआ किसको, तुमको?" मी म्हणालो, "हां. तेरे को जलन?"

तर एका रविवारी जेवताना ती दाव्याची गोष्ट मी सासूला सांगितली. बायको तिला त्यांच्या भाषेत सांगत गेली. मला वाटलं, म्हातारी छातीवर हात ठेवील, अरेरे म्हणील. ती माशाचा काटा काढत होती, ती काढतच राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, "तिच्या पाठीवरचं पोर घ्यायला कोण होतं?"

मी म्हणालो, कोण न्हाई.

"तिची आई?"

ती भोरच्या पलीकडं, दोन एसट्या बदलून.

"बहिणी?"

त्या आपापल्या सासरी.

सासू बायकोकडं बघून काहीतरी बोलली. बायको सांगायला तयार न्हाई. मी लई मागं लागलो तेव्हा म्हणाली, "ती म्हणते, मग आधी त्याच्या आईला कुणी नेऊन बांधली ते विचार."

आये, आता बोल. मी बारा वर्सं तुझ्याशी भांडतोय आणि ह्या बाईनं भांडणच उचलून दुसऱ्या दारात नेऊन ठेवलं. पण मी हटणार न्हाई. मी आता असं म्हणतो: दादा तुझ्या आईच्या घरी राहायला आला असता, दाराचं कुत्रं म्हणून का हुईना, तर मी आजीच्या पाठीवर वाढलो असतो. रेडकाशेजारी न्हाई. तू ज्याला कुत्रं म्हणायचीस ना, त्याच्यावाचून तू त्या चिखलात एकटी वाकलीस. भावकीनं मला नावं ठेवू देत, मी घरजावईच राहणार. माझ्या लेकीची आई एकटी पडणार न्हाई.

एवढं लिहून थांबायला पायजे होतं. पण गेल्या महिन्यात एक झालं.

सुट्टीचा दिवस. बायको आणि सासू बाजाराला, मावशी चर्चला, पोरगी माझ्यापाशी. ढग खाली आलेले आणि पडवीवरचा पत्रा एका कोपऱ्यानं सुटलेला. आमचं घर उतारावर हाय, पडवी संपली की सरळ दरी. पोरगी नुकती पळाय लागलेली. पाठीवर घेऊन शिडी चढलो, दोन पायऱ्यांवर शिडी डगमगली, उतरलो. खाली ठेवली तर ती पडवीच्या कडंला. परत आणली, परत कडंला. हाक मारावी तर शेजारी कोण न्हाई. मग मी घरात पडलेली मशिनवरची दोरी घेतली. एक टोक पडवीच्या खांबाला, खांबाच्या पलीकडं गाठ. दुसरं तिच्या पायात. पाव तास लागला असंल. ती रडली, मग खिळ्यांच्या डब्याच्या झाकणाशी खेळत बसली. मी वर पत्र्यावर, एक नजर हातोडीवर आणि एक तिच्यावर.

बायको आली. पिशवी ठेवली, खाली बसली, दोरी बघितली. मला वाटलं आता गेलं सगळं. ती म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुला?"

मी म्हणालो, कळत न्हाई का, आईनं, तेच तर त्या दिवशी सांगितलं.

"बांधण्याचं न्हाई विचारत. हे." तिनं पोरीचा पाय वर करून दाखवला. दोरी जिथं पायाला लागत होती तिथं माझं जुनं बनियन फाडून गुंडाळलेलं होतं, तीन वेढे, टोक आत खोचलेलं. मी ते कधी केलं मला आठवत न्हाई. हातांनीच केलं.

आये, तू दाव्याला तुझ्या लुगड्याचं फडकं गुंडाळायचीस. हिरवं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. रोज सकाळी नवं गुंडाळायचीस, कारण रेडकू ते चावायचं. मला ते पक्कं ठाऊक होतं. इतक्या जणांना इतक्यांदा गोष्ट सांगितली, पण ते फडकं मी कधीच सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर कुणी चुकचुकलं नसतं.

तरी तू चुकलीस. बांधायला नको होतं. मीबी चुकलो. आता पडवीला मी कमरेइतकं कुंपण घातलंय.

हा कागद मशिनच्या सीटखाली, कागदपत्रांच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवतोय. परवा अक्काचा फोन होता. गोठा पाडायला काढलाय, मधली मेढ अजून चांगली हाय, कामथडीचा लाकूडवाला तिचे आठशे देतोय. मी म्हणालो, ती मेढ विकू नको, घराच्या कडंला उभी करून ठेव, मी पोरीला घेऊन येतो तेव्हा बघू. ती म्हणाली, "आठशे कोण तुझा बाप देणार व्हय?" मी देतोय. आज पाठवतोय, एक हजार एक.