उत्तमसिंगची विशेष डवरणी

आदरणीय डोंगरसिंगदादा यांस भावसिंगचा रामराम, जय सेवालाल. तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघता? तुमची बहीण रुपीबाई ठणठणीत आहे. मी मात्र तीन दिवसांपासून हादरलेलो आहे, घास गिळवत नाही (कालच्या वरणबट्ट्या सोडून).

झालं असं, की रशिया आणि युक्रेनच्या लढाईत आधी चूक कोणाची, यावरून आपल्या तांड्यात उभी फूट पडली. विषय खरा खताच्या भावाचा होता, पण टपरीवर दोन बाकं वेगळी झाली आणि सख्खे भाऊ चहा वेगळा मागवू लागले. शेवटी उकंडा नाईक वैतागले. म्हणाले, पंच बोलवा, नसाब बसवू, एकदाचा निकाल लावू. नसाबचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे: दोन्ही पक्ष हजर पाहिजेत आणि ठरलं ते तांड्यात सगळ्यांना लागू. युक्रेनकडून आपला शेजारी उत्तमसिंग उभा राहिला. रशियाकडून कोणी उठेना, म्हणून मी उठलो. (पुसदच्या कोर्टात दोनदा साक्ष दिल्यापासून मला बोलायची खोड लागली आहे.)

उत्तमसिंगचं म्हणणं सरळ होतं. हद्द दोघांच्या सहीने कागदावर ठरली, ती ओलांडली की गुन्हा, बाकी पुराण कशाला? मी म्हटलं, शेजारी दांडगे सोयरे आणून शेताच्या हद्दीवर, अगदी धुऱ्यावर बसवत असेल, तर ते घरात शिरेपर्यंत मी वाट बघायची का? शिवाय पलीकडचे काही आमचीच भाषा बोलतात, त्यांनीच हाका मारल्या. (हे सगळं मोबाइलवर ऐकलेलं, निम्मं मलाही पटलं नव्हतं.) पण दादा, असा बोललो की नाईकांनी डोळे पुसले. निकाल लागला: ज्याला शेजाऱ्याचं भय वाटलं, त्याने आधी हद्द ओलांडली तर गुन्हा नाही. मग गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जातो तर उत्तमसिंगचा डवरा माझ्या तुरीतलं तण काढतोय! धुरा ओलांडून सहा ओळी आत. मी मातीतच बसलो. भरदिवसा माणूस असं करू शकतो, हे डोळ्यांना दिसत होतं आणि मनाला पटत नव्हतं. त्याने बैलही थांबवले नाहीत. म्हणाला, "भावसिंग, तुह्या जावयाचा जेसीबी दोन दिवसापासून धुऱ्यावर उभा हाय. मले भेव वाटलं. अन् हे अतिक्रमण नाही, विशेष डवरणी हाय." वर म्हणतो, या ओळींतलं बियाणं त्याच्याच घरचं (खरं आहे, मीच मागून आणलं होतं), तेव्हा तुरीलाच त्याच्याकडे यायचं होतं.

नाईकांकडे धावलो. ते म्हणाले, निकाल फिरवायचा तर भरल्या नसाबमध्ये सांग, मी खोटं बोललो. म्हणजे तूर तरी जाईल, नाहीतर इज्जत. माझ्या बाजूने बोलायला घरातही कोणी नाही, कारण रुपीबाई पहिल्या दिवसापासून युक्रेनकडे आहे. उत्तमसिंगची बायको वर्षा रोज ताकाला यायची, तीही येईनाशी झाली. दादा, लोक एका रेघेसाठी इतके खाली उतरतात, याचं मला फार वाईट वाटतं. रेघ कोणीही, कोणत्याही कारणाने हलवू नये.

आपला,
भावसिंग

ता. क. रविवारी नसाब पुन्हा बसणार आहे. तुम्ही आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. या, आणि हद्दीचा दगड आहे तिथेच धुरा आहे, एवढंच सांगा.

आणखी एक ता. क. तुमच्या पेटीतला आमच्या मोजणीचा जुना नकाशा मात्र आणू नका. सात वर्षांपूर्वी मी तो दगड जरा सरळ केला होता. सरळ करताना तो उत्तमसिंगकडे सरकला. आठच ओळी. तेव्हा मलाही थोडं भय वाटलं होतं.

ता. क. दादा, हे मी रुपी लिहून राह्यली, पाकीट माह्याच हाती हाय. नकाशा घेऊनच ये. वर्षाबिगर मले करमत नाही. तो दगड लय जड होता, दुसरीकडून मीच धरला होता.