तुमच्या नावाची खोली

बाई, तुम्हाला काही सांगायचं तर आधी गाव आता कसं आहे ते सांगावं लागेल, कारण तुम्ही पाहिलेलं गाव हे नाही. मी सरपंच आहे. यंदा गावाचा विकास आराखडा करायचा होता, तेव्हा अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घेऊन मी घर न् घर फिरले. घरात कोण राहतं, कुणाचं वय काय, कुणाला कशाची गरज आहे, एवढंच विचारायचं होतं. वरच्या गल्लीत माणसांपेक्षा कुलपंच जास्त. उघड्या घरात म्हातारा-म्हातारी, नाहीतर नुसती म्हातारी. लेकरं पुण्याला, हैदराबादला, आणि नातवंडं फोनमध्ये. वय विचारलं की हसतात. ‘लिही तुझ्या मनानं, सत्तरी कवाच सरली.’ अंगणवाडीत बसायला लेकरं नाहीत आणि आराखड्यात मात्र दरवर्षी अंगणवाडीला नवी खोली मागितलेली. म्हाताऱ्या माणसांसाठी शेवटी एक ओळ, तीही मागच्या वर्षीचीच उतरवलेली.

त्याच दिवसांत खालच्या गल्लीतल्या मावशी पडल्या. तुमच्याकडे दूध घालायच्या त्याच. त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या. निलंग्याला जायचं तर एसटीची पायरी गुडघ्याला झेपत नाही, म्हणून त्या गोळी अर्धी अर्धी करून पुरवत होत्या. सकाळी स्वयंपाकघरात कोसळल्या आणि दिवे लागेपर्यंत तशाच पडून राहिल्या. शेजारीण विरजण मागायला आली तेव्हा कळलं. मावशी वाचल्या, पण एक अंग गेलं. मी दवाखान्यात भेटायला गेले तर वाकड्या झालेल्या तोंडानं, तुटक तुटक म्हणाल्या, ‘लेकाचा फोन वाजत व्हता गं. मला ऐकू येत व्हता.’

घरी येताना मी ठरवलं. तुमच्या शाळेच्या दोन खोल्या पोरांवाचून बंद पडल्या आहेत. मागची तर पडायलाच आली आहे; रस्त्याकडची धड आहे, ती म्हाताऱ्यांना द्यायची. आठवड्यातून एकदा आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरांनी तिथं बसायचं, बीपी-साखर तपासायची, गोळ्या द्यायच्या. दोन खाटा, पायरीला धरायला लोखंडी दांडा, दुपारी गरम वरण-भात. फार काही मागत नव्हते मी. आणि मनात म्हणत होते, बाई असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती.

बाई, तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही भाकरी थापताय, समोर पोत्यावर आम्ही तिघं, मी आणि माझ्या वर्गातले ते दोघं मुलगे. पीठ लागलेल्या बोटानं तुम्ही गणिताची चूक दाखवायचात आणि वहीवर पांढरा ठसा उमटायचा. एकदा मी त्यातल्या एकाला उत्तर हळूच सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्यावरच चिडलात. ‘दुसऱ्याची काळजी करायची एवढी हौस आहे तर आधी स्वतःचं पूर्ण कर!’ मी रडले होते. दहावीला मी त्या दोघांच्याही पुढे होते. निकालाच्या दिवशी तुम्ही मला चामड्याच्या नव्या चपला आणल्यात आणि स्वतः खाली बसून मापाला लावून पाहिल्यात. मला वाटलं, या लातूरच्या कॉलेजसाठी आहेत. ते दोघं लातूरला गेले. मला माझ्या वडिलांनी, अण्णांनी, नाही म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. पुढं मला आत्याच्याच घरात, याच गावात दिली. अण्णा जाईपर्यंत मी त्यांना जेवायला वाढत होते, औषध देत होते, पण मोकळेपणानं त्यांच्याशी बोलले नाही. तुमच्याशी मात्र बोलायचे. तुमच्या पदराला डोळे पुसले आहेत मी.

ग्रामसभेला त्या दोघांतला एक पुण्याहून गाडी घेऊन आला. आता मोठ्या हुद्द्यावर आहे, देणगी गोळा करून आला होता. माझं बोलून झाल्यावर तो उठला. म्हणाला, ‘बाईंच्या नावानं संगणक कक्ष करू. सगळा खर्च आम्ही बाहेरची पोरं करतो. एकच अट, खोली शाळेचीच पाहिजे, रस्त्याकडची.’

मी म्हणाले, ‘अरे, बसणार कोण? लेकरं आहेत किती? तुझी तर पुण्यात आहेत.’

तो म्हणाला, ‘शाळेत म्हातारे बसवलेस तर गाव संपलं म्हणतील लोक.’

मला वाटलं, आता म्हातारी माणसंच याला उत्तर देतील. ज्यांच्या घरी जाऊन मी विचारलं होतं, ज्यांनी माझा हात धरून गुडघे दाखवले होते, ती सगळी समोर सतरंजीवर बसलेली. हात वर करायला सांगितलं, तर त्यांनीच संगणकासाठी हात वर केले. माझ्या आईनंही. एक आजोबा, ज्यांना मी दोनदा स्कूटीवर दवाखान्यात नेलं होतं, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘कंपूटर आले तर नातवंडं सुट्टीला तरी येतील. आमचं काय, आज हाय उद्या न्हाई.’ मावशींचा मुलगा आईला बघायला आला होता. त्यानंही हात वर केला.

सभेनंतर आईच्या घरी जाऊन मी तिच्यावर संतापले. ‘तू तरी माझ्या बाजूनं हात वर करायचास.’ आई शेंगा फोडत होती. तीही चिडली. ‘लई काळजी तुला गावाची! म्हणून तर बाईंनी तुला ठिवलं इथं.’

मी विचारलं, ‘कुठल्या बाईंनी?’

आईनं जीभ चावली. मग एवढ्या वर्षांचं धरून ठेवलेलं तिनं हळूहळू सांगितलं. अण्णा मला लातूरला पाठवायला तयार होते. पेटीसुद्धा बघून ठेवली होती. तुम्ही संध्याकाळी आलात, चुलीजवळ बसलात आणि अण्णांना म्हणालात, ही दोन पोरं जातील ती परत यायची नाहीत, सगळीच हुशार लेकरं गेली तर गावात उरेल कोण, हिला ठेवा, हिला माणसांची माया आहे, ही गाव सांभाळील. आणि निघताना म्हणालात, ‘तिला माझं नाव सांगू नका, माझ्यावरचं मन उडेल तिचं.’ अण्णांनी तुमचा शब्द मरेपर्यंत पाळला. माझा राग अंगावर घेऊन गेले ते. आई म्हणाली, ‘शेवटी शेवटी म्हणत व्हते, पोरगी बोलत न्हाई माझ्याशी. तरी तोंड उघडलं न्हाई त्यांनी.’

बाई, तुम्ही गावाचं भविष्य ओळखलंत. कोण जाईल, कोण म्हातारं होईल, कुणाला कोण लागेल, सगळं. चाळीस घरांतून तुम्हाला एक पोरगी हवी होती आणि ती मी निघाले. मला विचारलं असतंत तर? पोत्यावर बसणाऱ्या तिघांत मी पुढे होते, तर निदान मला विचारायचंत. आणि रिटायर झाल्यावर तुम्ही काय केलंत? ‘मी इथंच राहणार’ म्हणत होतात, आणि लेकीकडे लातूरला राहायला गेलात, शेवटचा श्वासही तिथंच घेतलात. माझ्यासाठी जे गाव पुरेसं होतं ते तुम्हाला पुरलं नाही.

संगणक कक्ष झाला. उद्घाटनाला पुण्याच्या गाड्यांची रांग लागली. तुमच्याविषयी बोलायला मलाच उभं केलं आणि मी बोलले, चांगलंच बोलले. लोकांचे डोळे भरून आले. माझे कोरडे राहिले. गाड्या गेल्या, खोलीला कुलूप लागलं. सिस्टर आता दर बुधवारी माझ्या ओसरीवर बसतात. माझ्या विरुद्ध हात वर केलेले सगळे येतात, ते आजोबा सगळ्यांच्या आधी. मी चहा देते, बाही वर करून धरते. त्या सभेविषयी कुणी बोलत नाही, मीही नाही. आराखड्यात शेवटची एक ओळ होती तिथं आता पान भरून मागण्या आहेत. मंजूर होतील तेव्हा होतील.

हे लिहिलेलं तुमच्या लेकीला देता आलं असतं, पण देणार नाही. ती मला ताई म्हणते, तिला कशाला त्रास. तुम्हाला माफ केलं असंही लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. फक्त एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही, ती इथं लिहिते. त्या वर्षी मी लातूरला गेले असते ना बाई, तर परत आले नसते.