निर्णय सर्वस्वी ग्रेटाचा

३ सप्टेंबर
कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत शेवटी एक निबंध. ऐच्छिक म्हणे! लिहिला तरी चालेल, नाही लिहिला तरी चालेल, मग विचारता कशाला? डोकंच फिरलं. ग्रेटाला सांगितलं, बाळा, निर्णय सर्वस्वी तुझा, मी लुडबुड करणार नाही. फॉर्मवर निबंधापुढे ‘लिहिणार’ अशी खूण तेवढी मी करून टाकली. तिचा वेळ वाचला.

७ सप्टेंबर
ग्रेटाच्या शाळेत मार्गदर्शन करणाऱ्या प्रुइटबाईंना भेटलो. म्हणाल्या, बहुतेक कॉलेजं निबंध बघत नाहीत. बहुतेक! आणि उरलेल्यांनी माझ्या पोरीला नाकारलं तर? चांगलं सुनावलं. ग्रेटा मध्येच काहीतरी बोलू बघत होती, पण मी तिचीच बाजू लढवत होतो.

१२ सप्टेंबर
गवत कापत होतो. कुंपणापलीकडून शेजारचा नोव्हाक म्हणतो, अरे वेंडेल, आमच्या पोरानं कुठे लिहिला होता निबंध? मिळालंच की कॉलेज! त्याला फुटबॉलच्या जोरावर घेतलं, मूर्खा. तोंडावर सांगितलं. त्या नादात बायकोची, लॉर्नाची, गुलाबाची रोपं कापली गेली. दोष नोव्हाकचा.

२० सप्टेंबर
सरावाचा निबंध. विषय: शाळेत फोनवर बंदी असावी का? ग्रेटानं लिहिलं, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खरं आहे. असला गुळमुळीतपणा माझ्या घरात? ठणकावून लिही म्हटलं. वाक्यंही मीच सांगितली. झकास उतरला. पोरीला माझीच शैली आहे.

२८ सप्टेंबर
बायको म्हणते, जेवताना तरी पोरीला बोलू देत जा. मी कधी अडवलं? आजपासून तोंडाला कुलूप.
संध्याकाळी: ग्रेटानं तोंड उघडलं आणि चुकीचंच बोलली. दुरुस्त करावं लागलं.

१२ ऑक्टोबर, परीक्षा
शाळेबाहेर गाडीत बसलो होतो. निबंध न लिहिणारी मुलं आधी सुटतात. बिचारी, आईबापांचं लक्ष नसणार. बघतो तर त्या घोळक्यात ग्रेटा! निबंधाआधीच्या सुट्टीत उठून आली. अख्ख्या रस्त्यानं ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, डॅड, तिथे स्वतःचं मत लिहायचं असतं. पेन उचललं की मला तुझाच आवाज ऐकू येतो. तुझी वाक्यं लिहायला मी कशाला बसू?
वाक्यं चांगली होती, म्हणालो.

१३ ऑक्टोबर
राग अजून उतरला नाही. निबंध किती सोपा असतो ते तिला दाखवूनच देतो. चाळीस मिनिटांचा गजर लावला. नवा विषय घेतला: कॉलेजआधी वर्षभर नोकरी करावी का? ग्रेटाच्या जागी बसून, ग्रेटाचं मत लिहायचं.
‘माझ्या मते’ लिहिलं आणि थांबलो. तिला काय वाटत असेल? लॉर्नाला विचारलं. म्हणाली, तिलाच विचार ना. वर गेलो, तिच्या दारापाशी उभा राहिलो, दार वाजवायला हात उचलवेना. सतरा वर्षांची पोर, आणि मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. परत खाली येऊन बसलो.
गजर झाला तेव्हा कागदावर तेवढेच दोन शब्द होते.