गाण्यामागचं रडणं

३ नोव्हेंबर, दौंड

अमेरिकेचं गाणं साफ करून पाठवलं! तिकडची ती छोटी रेकॉर्ड कंपनी तऱ्हेतऱ्हेच्या लोकांची जुनी गाणी जपते. आवाजातली खरखर काढायचं काम माझं, इथं घरी बसून.

हे गाणं एका कापूस वेचणाऱ्या बाईचं. तिच्या घरातच टेप केलेलं, साठेक वर्षांपूर्वी. मागं तान्हं बाळ सारखं रडत होतं. तेही काढलं, सुरुवातीची बडबडही कापली. सासूबाईंना आधीचं-नंतरचं दोन्ही ऐकवलं. म्हणाल्या, "लेकराचं रडनं म्हंजी खरखर व्हय गं?"

हसले मी.

६ नोव्हेंबर

कंपनीच्या वॉल्टरचा फोन. गाणारीची मुलगी लोरेटा — तिनं गाणं ऐकलं आणि विचारलं, "बाळ कुठंय?"

ते बाळ तिचा भाऊ. ही जन्मायच्या आधीच गेला. फोटो नाही, काही नाही. मावशी सांगायची, टेपवर तो रडतोय.

मूळ टेप वाजवतानाच तुटून भुगा झालेली. वॉल्टरकडची कॉपी पुसली गेली. "तुझ्याकडं आहे ना?"

हो म्हणाले. आणि काल लाइट गेली-आली तेव्हापासून माझी हार्डडिस्क नुसती टकटक करतेय. उघडतच नाही!

७ नोव्हेंबर

सकाळच्या एसटीनं शिरूर. जालिंदर डिस्क दुरुस्त करतो. कानाला लावून ऐकली.

"जयभीम ताई, खरं सांगू? उघडली आन् गेली, तर कायमची गेली. उघडू का?"

म्हणाले, "उघडा."

परतताना न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. सगळी गाडी गप्पा मारत होती. मी सारखी फोन बघत.

९ नोव्हेंबर

जालिंदरचा फोन नाही. वॉल्टरचे दोन मेल. काय लिहू? उघडलेच नाहीत.

११ नोव्हेंबर

जालिंदरचा फोन — "ताई, फाइल सापडली! पन अर्धीच हाय. सुरवातीची."

लगेच शिरूर गाठलं, तिथंच दुकानात हेडफोन लावला. गाणं सुरू व्हायच्या आधीचं — मी कापलेलं! बाळ टाहो फोडतंय आणि ती बाई हलक्या आवाजात त्याला समजावतेय. पुन्हा पुन्हा एकच नाव. एझ्रा… एझ्रा…

जालिंदर म्हणाला, "रडू नका, वाचलंय की."

दुकानातूनच पाठवून दिलं.

१२ नोव्हेंबर

लोरेटाचा मेल — "आईनं त्याचा विषय कधी काढू दिला नाही. आम्ही समजत होतो, नाव ठेवायच्या आधीच गेला. त्याच्या थडग्यावर नुसतं 'बाळ' लिहिलंय. उद्या दगड बदलायला सांगतेय."